रक्तातून की मज्जेतून? भावाची डोनर होणाऱ्या ताईंना

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला एएमएल (वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे, तुमचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) त्याच्याशी पूर्ण जुळलंय आणि डॉक्टर तुमच्या रक्तातून स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) घ्यायचं म्हणतात. घरातली मोठी माणसं मात्र हाडातल्या मज्जेतूनच घ्या, रक्तातल्या पेशी कमी कसाच्या, असं म्हणतात. मी ट्रान्सप्लांट युनिटमध्ये बरीच वर्षं नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांना सांगा, पेशी त्याच आहेत. जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शनं चार-पाच दिवस घेतली की मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. मशीन त्या वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त तुम्हाला परत देतं. खरा फरक सोबत येणाऱ्या टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचा. रक्तातून गोळा केलेल्या पिशवीत त्या मज्जेपेक्षा साधारण दहापट असतात.

भावाच्या अंगात लपून राहिलेल्या ल्युकेमियाच्या पेशी याच टी-पेशी मारतात, आणि याच त्याच्या त्वचेवर, डोळ्यांवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. तो जीव्हीएचडी. म्हणून अप्लास्टिक अ‍ॅनिमियात, जिथे मज्जा पुरेसं रक्त बनवत नाही पण मारण्यासारखा कॅन्सरच नाही, तिथे मज्जा जास्त बरी मानतात. मायलोमात, म्हणजे मज्जेतल्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये, पेशंटच्या स्वतःच्याच पेशी परत देतात, तिथे या भांडणाचा प्रश्नच येत नाही आणि जवळजवळ नेहमी रक्तातूनच घेतात.

तुमचं प्रकरण या दोन टोकांच्या मधलं आहे. 2012 साली अमेरिका आणि कॅनडातली 551 पेशंटची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात डोनर नात्याबाहेरचे होते, एवढं लक्षात ठेवून आकडे वाचा. दोन वर्षांनी जगण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. पेशी न रुजण्याचं प्रमाण रक्ताच्या गटात 3 टक्के, मज्जेच्या गटात 9. क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ राहणारा, जीव्हीएचडी मात्र रक्ताच्या गटात 53 टक्के आणि मज्जेच्या गटात 41. पाच वर्षांनी त्याच पेशंटना विचारलं तेव्हा मज्जा मिळालेल्यांचं मानसिक स्वास्थ्य जास्त चांगलं होतं, आणि त्यांच्यातले जास्त जण कामावर परतले होते. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण क्रॉनिक जीव्हीएचडी असलेल्या पेशंटचे कोरडे, चुरचुरणारे डोळे आणि आखडलेले सांधे मी रोज बघते.

तरीही तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पूर्ण जुळणाऱ्या भावंडांवरच्या 9 चाचण्या 2005 साली एकत्र तपासल्या गेल्या. रक्तातल्या पेशी दिल्यावर पेशंटच्या रक्तपेशींचे काउंट लवकर वर आले, क्रॉनिक जीव्हीएचडी वाढला, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. पुढच्या टप्प्यातल्या आजारात जगण्याचं प्रमाणही सुधारलं. भावाचा आजार उलटण्याची भीती जास्त असेल तर हे पारडं जड आहे. शिवाय आता ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन जीव्हीएचडी बराच आवरता येतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांना रक्तातल्याच पेशी दिल्या होत्या. एक वर्षानंतर गंभीर जीव्हीएचडी न होता आणि आजार न उलटता जगणारे या औषधाच्या गटात सुमारे 53 टक्के होते, जुन्या पद्धतीच्या गटात 35.

तेव्हा डॉक्टरांना रक्त की मज्जा एवढंच विचारून थांबू नका. भाऊ रिमिशनमध्ये आहे का (आजार तपासण्यांत दिसेनासा झाला का), एमआरडी (उरल्यासुरल्या कॅन्सर पेशी शोधणारी सूक्ष्म तपासणी) निगेटिव्ह आली का आणि जीव्हीएचडी टाळायला कोणती औषधं देणार, हेही विचारा.

आता तुमचं. मज्जा द्यायची तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, नंतर काही दिवस कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो. रक्तातून देताना भूल नाही, पण इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं. पॅरासिटामॉलने बहुतेकांचं भागतं. मशीनवर चार-सहा तास बसावं लागतं, कधी दुसऱ्या दिवशीही. ओठ किंवा बोटं झिणझिणली तर लगेच सांगा, कॅल्शियम दिलं की थांबतं. सिकल सेलचा आजार असेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधीच सांगायला हवं. आणि त्या दिवसांत पोटात डावीकडे वर, बरगडीखाली दुखलं किंवा डावा खांदा दुखायला लागला, तर घरी थांबू नका, थेट युनिटला फोन करा. क्वचितच होतं, पण ते प्लीहेच्या (पोटात डावीकडे असलेल्या अवयवाच्या) त्रासाचं लक्षण असू शकतं.