गोल्फ कोर्सला नाव काय द्यावं?

प्रश्न असा आला आहे: "नव्याने तयार होणाऱ्या एका गोल्फ कोर्सला नाव सुचवायचं आहे. आतापर्यंत 'ग्रीन व्हॅली लिंक्स' आणि 'रॉयल ओक्स' अशी दोन नावं पुढे आली आहेत. दोन्ही ऐकायला बरी वाटतात, पण कुठेतरी आधी ऐकल्यासारखीही वाटतात. नाव चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं? आणि नावातल्या 'लिंक्स'चा अर्थ काय?"

'लिंक्स'चं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देतो. साखळीची कडी या अर्थाच्या इंग्रजी 'लिंक'शी या शब्दाचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्लिंक' असा शब्द होता. अर्थ उंचवटा, चढाची जमीन. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वाळूच्या, उंचसखल, आखूड गवताच्या पट्ट्याला 'लिंक्स' म्हणू लागले. नांगराला ही जमीन कामाची नव्हती. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, आणि पाणी चटकन मुरत असल्यामुळे ती पायाखाली घट्ट राहायची. गोल्फ वाढला तो अशा जमिनीवर. तेव्हा आपण जशी जमीन काळी, मुरमाड, खारवट म्हणतो, तसं 'लिंक्स' हे जमिनीच्या जातीचं नाव आहे. पुढे कुठल्याही गोल्फ कोर्सला सरसकट 'लिंक्स' म्हणायची सवय पडली, शब्दकोशांनीही ती नोंदवली. बोलताना कुणी तसं म्हटलं तर मी अडवणार नाही. पण पाटीवर लिहिलेलं नाव हे विधान असतं. समुद्रापासून दूर, चिकणमातीवर, तळी खोदून केलेल्या कोर्सच्या पाटीवर 'लिंक्स' लिहिलं, तर वाचणाऱ्याला चुकीची माहिती दिली जाते. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर २०१२मध्ये 'कॅबट लिंक्स' सुरू झाला. तिथे हा शब्द जमिनीला धरून आहे. त्याच्या शेजारी पुढे जो कोर्स झाला तो समुद्राकाठच्या कड्यांवर आहे, तर त्याला 'कॅबट क्लिफ्स' म्हटलं. शब्द असा जपून वापरला की बरं वाटतं.

'रॉयल'बद्दलही तेच. १८३३मध्ये राजा चौथा विल्यम याने स्कॉटलंडमधल्या पर्थच्या गोल्फ संस्थेला 'रॉयल' म्हणवून घेण्याची परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी सेंट अँड्र्यूजच्या संस्थेला. तेव्हापासून ब्रिटनमध्ये हा शब्द राजघराण्याकडून मिळवावा लागतो, स्वतःहून लावता येत नाही. दुसरीकडे कुणी तो लावला तर कदाचित कायदा आड येणार नाही, पण मिळालेल्या मानाचं चिन्ह न मिळवता वापरल्यासारखं होतं. आपल्याकडची म्हण इथे चपखल बसते: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आता मुख्य प्रश्न. माझी कसोटी एकच आहे. नाव त्या जागेवरून उचलून दुसऱ्या कोर्सला लावून पाहावं. काही बिघडत नसेल, तर ते नाव अजून त्या जागेचं झालेलंच नाही. हिरवी दरी, सोनेरी टेकडी, ओकची झाडं, हरणांचा ओढा हे तुकडे कसेही जोडा, नाव तयार होतं आणि कुठेही चालतं. प्रश्नकर्त्याला 'आधी ऐकल्यासारखं' वाटतं ते यामुळेच.

उलट अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला 'बाल्टसरॉल' घ्या. हा शब्द कोणत्याही भाषेत नव्हता. त्या जमिनीवर बाल्टस रोल नावाचा शेतकरी राहत होता. १८३१मध्ये त्याचा खून झाला, आणि १८९५मध्ये तिथे क्लब निघाला तेव्हा त्याचंच नाव जोडून क्लबला दिलं. व्यावसायिक सल्लागाराने असं नाव कधी सुचवलं नसतं: उच्चार अवघड, अर्थ लागत नाही, मागे खुनाची गोष्ट. तरीही ते नाव दुसरीकडे लावताच येत नाही. न्यू यॉर्कजवळचा 'बेथपेज'ही असाच. सतराव्या शतकाच्या शेवटी थॉमस पॉवेल याने तिथली जमीन घेतली. जवळपास जेरिको आणि जेरुसलेम अशी नावं पडलेल्या वस्त्या होत्या. बायबलमधलं बेथफगे त्याच नावांच्या दोन गावांच्या मध्ये येतं, म्हणून त्याने आपल्या जमिनीला ते नाव दिलं. तिथल्या सरकारी उद्यानात आज पाच गोल्फ कोर्स आहेत आणि त्यांना फक्त रंगांची नावं आहेत: ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. खेळायला फार अवघड म्हणून ब्लॅक प्रसिद्ध आहे. फक्त तरबेज खेळाडूंनीच इथे खेळावं असा इशारा सुरुवातीलाच पाटीवर लिहिलेला आहे. २००२मध्ये तिथे यूएस ओपन झाली. रंगाचं साधं नाव, पण त्यात आता इतकं भरलं आहे की ते उच्चारताना खेळाडूंचा आवाज बदलतो.

न्यूझीलंडमध्ये समुद्रात घुसलेल्या कड्यांवर २००४मध्ये एक कोर्स झाला, 'केप किडनॅपर्स'. नाव भूशिराचंच. १७६९मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या तुपाइया या ताहितीच्या दुभाष्याच्या पोरसवदा नोकराला तिथल्या माओरींनी पळवून न्यायचा प्रयत्न केला, म्हणून कुकने ते नाव ठेवलं. ते एकाच बाजूचं नाव आहे, माओरी लोकांचं त्या टोकाला त्याआधीचं स्वतःचं नाव आहे, हे विसरू नये. तरी कोर्स करणाऱ्यांनी ते गुळगुळीत करून काही 'ओशन व्ह्यू' केलं नाही हे मला पटतं. टास्मानियातल्या 'बार्नबूगल ड्यून्स'ला तर तिथल्या बटाट्याच्या शेताचंच नाव आहे, आणि शेजारच्या दुसऱ्या कोर्सचं नाव 'लॉस्ट फार्म'. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात 'सँड हिल्स' म्हणून कोर्स आहे, १९९५चा. त्या सगळ्या प्रदेशालाच सँड हिल्स म्हणतात आणि तिथे वाळूच्या टेकड्याच आहेत. यात कल्पकता काही नाही, आणि नावात खोट काढायलाही जागा नाही.

पण नावांची खरी श्रीमंती पाहायची तर एकेका होलच्या, म्हणजे कोर्सच्या एकेका टप्प्याच्या, नावांकडे वळावं लागतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा चौथा होल 'जिंजर बिअर' या नावाचा आहे, कारण तिथे डेव्हिड अँडरसन नावाचा माणूस हातगाडीवर जिंजर बिअर विकायचा. दुसऱ्याचं नाव 'डाइक', म्हणजे दगडी कुंपण, आणि परतीच्या वाटेवर सोळावा 'कॉर्नर ऑफ द डाइक'. सतरावा नुसता 'रोड', कारण ग्रीनला, म्हणजे खळगा असलेल्या आखूड गवताच्या जागेला, लागूनच रस्ता आहे आणि चेंडू त्या रस्त्यावर जातो. तिसरा आणि पंधरावा दोन्ही 'कार्टगेट', पाचवा आणि तेरावा दोन्ही 'होल ओ'क्रॉस', सहावा आणि बारावा दोन्ही 'हेदरी', सातवा आणि अकरावा दोन्ही 'हाय'; जातानाचा आणि येतानाचा एवढाच फरक. याचं कारण असं की जाताना आणि येताना एकाच मोठ्या ग्रीनवर दोन झेंडे असतात. जोडीतले आकडे मिळवा, प्रत्येक वेळी अठरा येतात. ही नावं कुणी समिती बसवून शोभेसाठी ठेवलेली नाहीत. चालणाऱ्या माणसाने दुसऱ्याला जागा सांगताना जे शब्द वापरले तेच टिकले. बंकरांनाही, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनाही, तसंच: 'हेल', 'कॉफिन्स', 'प्रिन्सिपल्स नोज'. कोर्सचं स्वतःचं नावही गरजेतूनच आलं. १८९५मध्ये शेजारी दुसरा कोर्स झाला, त्याला 'न्यू' म्हटलं, म्हणून पहिला 'ओल्ड' झाला. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी न्यू कोर्स न्यूच आहे.

अतिशयोक्तीसुद्धा चालते, तिच्यामागे खेळणाऱ्याचा अनुभव असला तर. स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकचा पाचवा होल 'हिमालयाज'. साधारण दोनशे यार्डांचा पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की समोर वाळूची टेकडी, ग्रीन तिच्यामागे, दिसत काहीच नाही. टेकडीच्या अंगावर रंगीत चकत्या लावल्या आहेत. आपण ज्या रंगाच्या टीवरून मारतो त्या रंगाच्या चकतीवरून चेंडू काढायचा. उंचीने ती टेकडी हिमालयाच्या नखाइतकीही नाही. पण हातात काठी घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाला ती तेवढीच वाटते, आणि नाव त्या माणसाच्या नजरेतून दिलेलं आहे. रॉयल ट्रून या कोर्सच्या आठव्याचं तर अधिकृत नाव आधी 'एल्सा' होतं, समोर समुद्रात दिसणाऱ्या खडकाळ बेटावरून. होल जेमतेम १२० यार्डांचा, ग्रीन चिंचोळं आणि बंकरांनी वेढलेलं. विली पार्क या गोल्फपटूने लिहिताना त्याला पोस्टाच्या तिकिटाची उपमा दिली, आणि 'पोस्टेज स्टॅम्प' हे नाव असं चिकटलं की 'एल्सा' मागे पडलं. बेट सुंदर आहेच, पण टीवर उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष त्या चिमुकल्या ग्रीनवर असतं.

माझ्या कसोटीला एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलचं नाव 'रेडॅन'. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला रशियनांची 'रेडॅन' प्रकारची तटबंदी होती, तिच्यावरून हे नाव आलं. होलचा आकार असा: ग्रीन तिरपं, समोरून मागे उतरत जाणारं, पुढच्या कोपऱ्यात खोल बंकर. १९११मध्ये चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्डने न्यू यॉर्कजवळ नॅशनल गोल्फ लिंक्स केला तेव्हा तिथे या होलची स्वतःची आवृत्ती बांधली आणि नावही 'रेडॅन'च ठेवलं. मग ती रीत पडली. आज कोर्स आखणारे 'इथे एक रेडॅन करू' असं सहज म्हणतात. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. नाव प्रवासाला निघालं ते आपला आकार सोबत घेऊन, म्हणून ते खोटं ठरत नाही. अमेरिकेतल्या ब्रुकलाइनच्या 'द कंट्री क्लब'चंही असंच झालं. १८८२मध्ये हे एकट्या क्लबचं नाव होतं, आज तो एक प्रकार आहे.

उसनी नावं इतकी भाग्यवान नसतात. जॅक निकलस या गोल्फपटूने १९६६मध्ये स्कॉटलंडच्या मुइरफील्डवर ओपन ही स्पर्धा जिंकली आणि त्या प्रेमापोटी ओहायोतल्या आपल्या कोर्सला 'मुइरफील्ड व्हिलेज' नाव दिलं. भावना खरी आहे, कोर्सही नावाजलेला. तरी दरवेळी सांगावं लागतं की ते मुइरफील्ड वेगळं आणि हे वेगळं. मायामीतल्या 'डोराल' या गोल्फ रिसॉर्टचं नाव मालक जोडप्याच्या डोरिस आणि अल या नावांची अक्षरं जोडून केलेलं. यात मला काही गैर वाटत नाही, पण लोकांच्या तोंडी जे बसलं ते तिथल्या कोर्सचं टोपणनाव, 'ब्लू मॉन्स्टर'. मालकाचं आडनाव जागेच्या नावाआधी जोडण्याची पद्धत मात्र मला खटकते. स्कॉटलंडमधलं टर्नबेरी २०१४मध्ये विकलं गेलं आणि 'ट्रम्प टर्नबेरी' झालं. जागा शतकभर टर्नबेरी होती. मालकी बदलते, किनारा तिथेच राहतो.

झाडांच्या नावांबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण 'ओक्स'चा प्रश्न आहेच. नॉर्थ कॅरोलायनातल्या 'पाइनहर्स्ट'मध्ये 'हर्स्ट' म्हणजे झाडीची टेकडी. १८९५मध्ये जेम्स टफ्ट्सने ती जमीन घेतली तेव्हा तिथले पाइन तोडून नेलेले होते. नाव आधी आलं, झाडी पुन्हा मागाहून उभी राहिली. आज तिथे फिरताना ते नाव सहज खरं वाटतं. तेव्हा नाव हे वचनही असू शकतं, पाळण्याची तयारी असेल तर. अमेरिकेतल्याच ऑगस्टा नॅशनलच्या जागी पूर्वी मोठी रोपवाटिका होती, म्हणून तिथल्या अठराही होलना झाडाफुलांची नावं आहेत: 'टी ऑलिव्ह', 'अझेलिया', 'गोल्डन बेल'. जागेला शोभणारी, विचाराने ठेवलेली नावं. तरी खेळाडू बोलताना 'बारावा' म्हणतात, 'गोल्डन बेल' क्वचितच. त्याच परिसराला १९५८मध्ये हर्बर्ट वॉरन विंड या लेखकाने जॅझच्या एका जुन्या रेकॉर्डवरून 'आमेन कॉर्नर' म्हटलं, आणि तेच साऱ्यांच्या तोंडी बसलं. इंग्लंडमध्येही रॉयल लिव्हरपूलला खेळणारे 'हॉयलेक' म्हणतात आणि रॉयल सेंट जॉर्जेसला 'सँडविच', गावाच्या नावाने. नाव निवडताना ते कागदावर कसं दिसतं यापेक्षा फोनवर कुणी 'उद्या कुठे खेळतोय?' विचारल्यावर तोंडातून काय निघेल ते बघावं.

तर तुमची दोन नावं. 'ग्रीन व्हॅली लिंक्स'मध्ये 'व्हॅली' आणि 'लिंक्स' एकमेकांना छेद देतात. जमीन दरीतली असेल तर ती किनाऱ्यावरची वाळूची नव्हे. 'ग्रीन' तर प्रत्येक कोर्सवर असतातच. 'रॉयल ओक्स'मधलं 'रॉयल' काढून टाका. ओक तिथे खरोखर उभे असतील, आणि आखणीत ते राहणार असतील, तर झाडाचं नाव जरूर घ्या. पण मग एखादं विशिष्ट झाड, विशिष्ट बांध, विशिष्ट वळण घ्या. त्याआधी जमिनीचे जुने नकाशे आणि खरेदीखतं काढून बघा. त्या तुकड्याला, ओढ्याला, चढाला काही नाव असेलच. आणि तिथे माती हलवणाऱ्या, गवत लावणाऱ्या माणसांना विचारा. ती सकाळी एकमेकांना कुठे जायचं ते सांगतात, तेव्हा प्रत्येक जागेला काहीतरी म्हणतच असतात. ते शब्द एका वहीत लिहून काढा. कोर्सचं नाव त्यात सापडलं नाही, तरी होलची चार-पाच नावं नक्की सापडतील.