वाचकांचे प्रश्न : राखायचे ते नेमके काय?

प्रश्न : स. न. वि. वि. माझी मुलगी अकरावीत शिकते. तिच्या इंग्रजी माध्यमाच्या भौतिकशास्त्रात, पर्यावरणाच्या पुस्तकात आणि जुन्या वाड्यांविषयीच्या लेखांत ‘कॉन्झर्व्हेशन’ हा एकच शब्द येतो. मराठीत मात्र कुठे अक्षय्यता, कुठे संधारण, कुठे जतन, तर कुठे संवर्धन असे निरनिराळे शब्द दिसतात. हे सारे एकच आहे काय, आणि त्याचे महत्त्व मुलीला कसे समजावून सांगावे? दुसरे असे की, आमच्या घरी सासऱ्यांच्या आजोबांच्या हातच्या काही पोथ्या फडताळात आहेत. त्या टिकाव्यात म्हणून काय करावे?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : आपल्या मुलीला पडलेला घोटाळा हा तिचा दोष नाही. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठीने वेगळे ठेवले आहेत आणि माझ्या मते ती मराठीची श्रीमंती आहे. यातल्या प्रत्येक शब्दात राखायची वस्तू निराळी आहे आणि ती राखण्याची रीतही निराळी आहे.

भौतिकशास्त्रातला अर्थ प्रथम बाजूला काढावा. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम असे सांगतो की, बाहेरून काही आत येत नसेल आणि आतले काही बाहेर जात नसेल, तर एकूण ऊर्जा तेवढीच राहते. केवळ तिचे रूप बदलते. ती कोणी राखत नाही, कोणी राखली नाही म्हणून ती संपतही नाही. मग ‘ऊर्जा वाचवा’ असे आपण का म्हणतो, असे मुलगी विचारील. त्याचे उत्तर असे की, पेट्रोल जळल्यावर त्यातली ऊर्जा नाहीशी होत नाही, पण ती उष्णता होऊन अशी विखुरते की तिच्याकडून पुन्हा काम करून घेणे जवळजवळ अशक्य होते. आपण वाचवतो ती उपयोगी पडण्याजोगी ऊर्जा. अक्षय्यता हा निसर्गाचा नियम आहे. बाकीच्या सगळ्या शब्दांमागे मात्र माणसाचे कष्ट आहेत.

संधारण म्हणजे धरून ठेवणे. उतारावरून पावसाचे पाणी धावू लागले की ते मातीही सोबत नेते. म्हणून उताराला आडवे, एका पातळीत जाणारे समतल चर खणायचे, बांध घालायचे, पाणी अडवून जिरवायचे. वाहत्या पाण्याचा वेग कमी झाला की माती आणि पाणी दोन्ही शिवारात राहतात. मृदसंधारण आणि जलसंधारण ही नावे आपल्याकडे नेहमी जोडीने येतात, त्याचे कारण हेच.

जतन हा शब्द संस्कृत ‘यत्न’ या शब्दापासून आला आहे, हे मुलीला अवश्य सांगावे. जी वस्तू गेली तर पुन्हा घडवता येत नाही, तिच्यासाठी सतत करायचा यत्न म्हणजे जतन. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेला वाट देणारी उभी बांधकामे, बांधलेली होती. ते काम झाले तेव्हा ती पाण्याची सोय होती. आज उरलेल्या नळाचे आणि उच्छ्वासांचे जतन करावे लागते. त्यावर नवे बांधकाम करताना खणून काढलेला एक तुकडाही परत मिळत नाही, आणि तो तुकडा गेला की उतार किती दिला होता, सांधे कसे बांधले होते, हे सांगणारा साक्षीदारही गेला.

वाड्यांच्या दुरुस्तीत होणाऱ्या एका चुकीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ती बहुधा चांगल्या हेतूनेच केली जाते. जुनी भिंत चुना दळायच्या घाणीवर मळलेल्या चुन्यात बांधलेली असते. चुना थोडा मऊ असतो; भिंत किंचित हलली तर तो सांभाळून घेतो आणि विटेत मुरलेली ओल बाहेर पडू देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठून स्फटिक होतात आणि काही पावसाळ्यांत वीट भुरभुरू लागते. गिलावा मजबूत दिसतो आणि भिंत आतून पोखरली जाते. दगडी देवळांना तैलरंग देण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. भिंत नवी दिसावी ही इच्छा आणि भिंत टिकावी ही इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा पहिलीपायी दुसरी हातची जाते.

संवर्धन या शब्दात वाढ आहे, म्हणून तो सजीवांना शोभतो. बियाणे बरणीत घालून फडताळात ठेवले तर काही वर्षांत त्याची उगवण जाते. ते राखायचे तर पुनःपुन्हा पेरावे लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली ती याच रीतीने. त्यांच्या कामाला साथ देणाऱ्या बाएफ या संस्थेची सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या उरुळीकांचन येथे १९६७ साली झाली. राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण वाढवायचे काय, हे आधी ओळखावे लागते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राहतो तो गवताळ माळामुळे. अशा माळांना ‘ओसाड’ समजून तिथे दाट झाडी लावली, तर झाडे वाढतील आणि चिंकाऱ्याचे घर मोडेल.

आता आपल्या पोथ्या. छापील महाभारत घरोघरी असताना जुन्या हस्तलिखितांचे काय एवढे, असे पुष्कळांना वाटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याचे, काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी हजाराहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली. हे शक्य झाले, कारण कुठल्यातरी घराने आपली प्रत रद्दीत घातली नव्हती. दोन नकला कधी तंतोतंत सारख्या नसतात. त्यांच्यातला फरकच मूळ पाठाची वाट दाखवतो.

नकलकार पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत असत. त्यात पोथी स्वतःच विनवते की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा. हा सल्ला आजही पुरेसा आहे. हात कोरडे व स्वच्छ असावेत. पाने मऊ कुंचल्याने झटकावीत, वर-खाली लाकडी फळ्या ठेवाव्यात आणि धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात पोथी घट्ट बांधावी, कारण घट्ट बांधलेल्या पोथीत धूळ आणि कसर सहजी शिरत नाहीत. फडताळ बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर जागा बदलावी. त्या भिंतीची ओल प्रथम पोथीला लागते. भिजलेली पाने उन्हात घालू नयेत, सावलीत वाऱ्यावर टीपकागद घालून सुकवावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये आणि पान प्लास्टिकमध्ये बंद करून घेऊ नये. आज केलेली दुरुस्ती उद्याच्या जाणकाराला पानास धक्का न लावता उलगडता आली पाहिजे, हा या कामातला पहिला नियम आहे, आणि चिकटपट्टी निघताना अक्षरेही घेऊन निघते.

पानांची छायाचित्रे जरूर काढावीत, पण ती काढल्यावर मूळ पोथी टाकून देऊ नये. कागदाची जात, शाई आणि समासातल्या दुरुस्त्या यांचा पुरता अभ्यास पोथी हातात घेऊनच होतो. छायाचित्रांची सुरुवात शेवटच्या पानापासून करावी. नकलकाराचे नाव, गाव आणि शके बहुधा तिथेच असतात, आणि बाहेरच्या बाजूचे म्हणून आधी झिजणारेही तेच पान असते.