‘पुट अवे’, ‘पुट असाइड’, ‘हँग ऑन टू’: वस्तू ठेवण्याच्या या क्रियापदांत फरक काय?

गोंधळाचं मूळ आपल्या ‘ठेवणे’मध्ये आहे. मराठीत एकाच क्रियापदावर सगळं भागतं. इंग्रजीत वस्तू कुठेतरी ठेवणं म्हणजे ‘पुट’ आणि ती आपल्याकडे राहू देणं म्हणजे ‘कीप’. टेबलावर पुस्तक ठेव, हे ‘पुट द बुक ऑन द टेबल’. तिथे ‘कीप’ वापरलं, तर पुस्तक तिथेच राहू दे असा अर्थ निघतो.

काम झाल्यावर वस्तू जागच्या जागी ठेवणं म्हणजे ‘पुट अवे’: ‘पुट युअर टॉइज अवे’. ‘पुट असाइड’ म्हणजे बाजूला काढून ठेवणं, मग ते पैसे असोत, वेळ असो किंवा हातातलं काम. (मतभेद बाजूला ठेवायलाही हेच चालतं.) ‘हँग ऑन टू’ म्हणजे टाकून न देता जपून ठेवणं: ‘हँग ऑन टू द रिसीट’, पावती टाकू नका, लागेल. ‘होल्ड ऑन टू’ जवळपास तेच, आणि घट्ट धरून राहणं हा अर्थही दोन्हींत येतो. ‘कीप बॅक’मध्ये थोडं राखून ठेवणं आहे, आणि माहिती असेल तर लपवणंही.

खरी चूक होते ती सर्वनामाच्या जागेत. ‘पुट इट अवे’ बरोबर, ‘पुट अवे इट’ चूक. नाम मात्र दोन्हीकडे चालतं: ‘पुट द बुक्स अवे’ किंवा ‘पुट अवे द बुक्स’. ‘हँग ऑन टू’ मात्र फोडता येत नाही, म्हणून ‘हँग ऑन टू इट’.