हुडीवर चित्र छापले की ती कला होते का?

प्रश्न : परदेशातून आलेल्या माझ्या भाच्याकडे एक जुनी हुडी आहे. तिच्या छातीवर ख्रिस्ताचे चित्र आणि पाठीवर ‘पायरेक्स २३’ अशी अक्षरे आहेत. तयार स्वेटशर्टवर छापकाम करून त्याला कला म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक नव्हे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हुडी अस्सल असेल, तर ती वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेले अमेरिकन डिझायनर व्हर्जिल अब्लो यांच्या ‘पायरेक्स व्हिजन’ या २०१२ मधील अल्पायुषी प्रयोगातली आहे. छातीवरचे चित्र इटालियन चित्रकार कारावाज्जोचे असून ख्रिस्ताचा देह थडग्यात ठेवतानाचा तो प्रसंग मूळ रूपात व्हॅटिकनमध्ये पाहायला मिळतो. २३ हा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांचा क्रमांक, तर पायरेक्स हे ज्या काचेच्या भांड्यांचे नाव, त्यांत अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये अमली पदार्थ शिजवले जात. वस्तीतून बाहेर पडण्याच्या पोरांना दिसणाऱ्या दोनच वाटा, खेळ आणि तो धंदा, अब्लो यांनी या खुणांतून मांडल्या.

आपला आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. राल्फ लॉरेन या कपड्यांच्या ब्रँडचे पडून राहिलेले फ्लॅनेल शर्ट सुमारे ४० डॉलरला घेऊन, त्यांवर हीच अक्षरे छापून, अब्लो यांनी ते ५५० डॉलरला विकले होते. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९१९ मध्ये मोनालिसाच्या पोस्टकार्डावर पेन्सिलीने मिशा काढल्या, त्याच परंपरेत अब्लो स्वतःला बसवत आणि मूळ वस्तूत तीन टक्के बदल पुरेसा आहे, असे उघडपणे सांगत. कापडाच्या हिशेबाने ही किंमत अवाच्या सवा आहे, यात वादच नाही. पण जो माणूस आपली युक्ती स्वतःच सांगत फिरतो, त्याला फसवणारा म्हणणे मला जड जाते. शिवाय या हुडीतली जुळणी विचारपूर्वक केलेली वाटते, कारण मरणाचे चित्र छातीवर आहे आणि सुटकेच्या दोन्ही वाटा पाठीवर, म्हणजे घालणाऱ्याला स्वतःला न दिसणाऱ्या. पुढे अब्लो यांच्याच ‘ऑफ-व्हाइट’ या ब्रँडच्या काळात बुटांच्या नाड्यांवरही अवतरणचिन्हांत ‘शूलेसेस’ असे छापले गेले, तेव्हा मात्र ती गंमत बरीचशी सवयीची होऊन बसली होती.

भाच्याला सांगावे, की हुडी उलटी करून गार पाण्यात धुवावी आणि छापावर इस्त्री फिरवू नये.