तलवार पेटते कुठंही, मोडते मुठीपाशी

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय: कॉलेजच्या गॅदरिंगला दोघांनी स्टेजवर ‘स्टार वॉर्स’मधल्या लाइटसेबरसारख्या उजेडाच्या चमकत्या तलवारींनी लढायचं, पुढं त्याच तलवारी कॉमिक कॉनला (कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळ्याला) न्यायच्या, म्हणून पातं दुमडून सॅकमध्ये बसणारं हवं. ॲक्रिलिकची नळी आणि बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणून ठेवलीय, आता बॅटरी कुठली घेऊ? बॅटरीचं नंतर बघू. आधी ती नळी दुकानदाराला परत देऊन या. पट्टी राहू दे, गणपतीत उपयोगी पडेल.

मी सांगलीचा. दिवसा कुपवाडला लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) असतो, संध्याकाळी हौशी नाटकवाल्यांच्या पाठीमागं. १८४३ साली मराठी नाटक जिथं उभं राहिलं त्या गावात लाकडी तलवारीला बेगड चिकटवणारे हात पुष्कळ आहेत, पेटणारी तलवार मात्र आम्हाला चुका करत करतच शिकावी लागली. सीतास्वयंवराचं धनुष्य नेमक्या वेळी मोडलं पाहिजे. आमची पहिली तलवार तशीच निघाली, फक्त वेळ चुकली.

ती ॲक्रिलिकचीच होती. दिसायला इतकी सुंदर की रंगीत तालमीला सगळे मोबाइल काढून उभे. तिसऱ्या वाराला ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि स्टेजवर अंधार झाला, कारण मोडलेल्या पात्याबरोबर आतली वायरही तुटली. कलाकार अनवाणी. आम्ही ओरडलो, ‘हलू नका रे, जागचं हलू नका!’ आणि टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत तुकडे वेचले. ॲक्रिलिक काचेसारखं फुटतं, कडा सुरीसारख्या होतात. मारामारीला पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिकच लागतं. ते वाकतं, ओरखडतं, फुटत मात्र सहसा नाही. कुणी जुनी ट्यूबलाइट वापरायचा सल्ला दिला तर त्याला नमस्कार करून निघा. तिच्यात काच आहे, शिवाय पारा.

आता मुद्द्याचं. आजवर माझ्या हातून अकरा तलवारी झाल्या, चार मोडल्या, आणि जोडाची एक (तिच्याबद्दल पुढं) सोडली तर सगळ्या एकाच ठिकाणी: पातं जिथं मुठीतून बाहेर येतं तिथं. दिवा सगळ्यांना जमतो, यूट्यूबवर बघून शाळकरी पोरंही पेटवतात. जमत नाही ती खोबण.

हिशेब करून बघा. पातं म्हणजे एक इंची नळी, ८० सेंमीची, त्यातलं ५ सेंमी मुठीच्या खोबणीत आणि ७५ बाहेर. टोकावर २ किलोचा दणका बसला तर खोबणीच्या तोंडाशी तो सोळापट (८० भागिले ५) होतो, म्हणजे ३२ किलो. तेच पातं फक्त २ सेंमी आत असेल तर चाळीसपट, ८० किलो. नवशिक्यांच्या थ्रीडी प्रिंट केलेल्या मुठी तोंडाशी उभ्या चिरतात त्या यामुळं. प्लास्टिक वाईट नसतं, खोली कमी पडलेली असते. म्हणून खोबण ५ सेंमी, त्याच्या खाली नको. बोअर, म्हणजे खोबणीचं भोक, नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा दशांश मिलिमीटरभरच मोठं ठेवा. चाळ, म्हणजे सैलपणा, राहिली की प्रत्येक वाराला पातं आत खडखडतं, आणि त्या खडखडाटानं आधी स्क्रू ढिला होतो, मग नळीला तडा जातो.

मूठ ॲल्युमिनियमची करा. स्वस्तात म्हणून बरेच जण वॉश बेसिनखालची, बॉटल ट्रॅपची क्रोम पाइप घेतात. दिसते झकास, नुसतं मिरवायला चालेलही. पण तिचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. एम४ (४ मिमी जाडीच्या) स्क्रूचा आटा ०.७ मिमीचा, म्हणजे त्या पत्र्यात दीड आटासुद्धा बसत नाही. चार वेळा आवळला की आटे गेले. खोबणीची भिंत किमान ३ मिमी हवी, म्हणजे चार आटे मिळतात. समोरासमोर दोन एम४ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, पूर्ण आत जाणारे) घ्या, सपाट तोंडाचे. पात्याला आरपार भोक पाडू नका, तडा तिथूनच सुरू होतो. स्क्रू टेकतो तिथं ड्रिलनं नुसता ठिपका करा. आणि एक, जे मी दोन पाती घालवून शिकलो: स्क्रू ढिला होऊ नये म्हणून त्याला थ्रेडलॉकर लावू नका. ते पॉलिकार्बोनेट खातं, आठवड्यात स्क्रूभोवती केसासारख्या रेघा उमटतात. थिनर आणि ॲसिटोनचंही तेच. पातं पुसायला साबणाचं पाणी पुरतं. स्क्रूला टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या, झालं.

आता दुमडण्याबद्दल. खेळण्यातली एकात एक सरकणारी पाती तुम्ही बघितली असतील. झटका दिला की सट्कन बाहेर येतात, मजा वाटते, पण वार अडवला की तशीच सट्कन आतही जातात. मी मधोमध पितळी जोड देऊन दोन तुकड्यांचं पातं करून पाहिलं. एक तर उजेडात मध्येच काळा पट्टा, जणू कुणी तलवारीला करगोटा बांधलाय. दुसरं, जोडाचा भाग कडक आणि पुढची नळी लवचिक, त्यामुळं पितळ जिथं संपतं नेमकी तिथंच ती नळी गेली. म्हणजे एक कमजोर जागा होती, मी दुसरी केली. तेव्हा पातं दुमडू नका. मुठीतून निघेल असं करा. तशीही ती खोबण तुम्ही नीट करणारच आहात, वाहून नेण्याचं कामही तिच्याकडूनच होऊ दे. ग्रब स्क्रूची षटकोनी चावी (ऍलन की) खिशात, पातं वेगळं, मूठ वेगळी.

यातूनच पुढची सोय निघते. मूठ एक ठेवा, पाती दोन करा. लढाईचं वेगळं, मिरवायचं वेगळं. दोन्ही कामं एकाच पात्याकडून करून घ्यायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात.

लढाईच्या पात्यात काहीही ठेवू नका, पोकळ नळी. दिवा मुठीत, खोबणीच्या तळाशी: स्टार प्लेटवरचा (चांदणीच्या आकाराच्या चकतीवरचा) ३ वॅटचा एलईडी, वर २० मिमीची अरुंद झोताची भिंग. नळीच्या आत भेटवस्तूला गुंडाळतात त्या पारदर्शक सेलोफेनचे दोन-तीन वेढे, बाहेरून बारीक पॉलिश पेपरचा हात, आणि अणीच्या टोपणात आतून चकचकीत चकती, म्हणजे वर गेलेला उजेड परत खाली येतो. मुठीपाशी जरा जास्त आणि टोकाला जरा कमी उजेड दिसेल. दिसू दे, अंधाऱ्या स्टेजवर कुणी मोजत नाही. प्लेट ॲल्युमिनियमला हीट सिंक पेस्ट लावून टेकवा, मूठच थंडावा देते.

इथं लाल रंगवाल्यांची हमखास एक चूक होते. एका लिथियम सेलचे भरल्यावर ४.२ व्होल्ट असतात. निळ्या-हिरव्या एलईडीला तीनच्या वर लागतात, लाल मात्र सव्वादोनच्या आसपास भागवतो. निळ्यासाठी निवडलेला रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) तसाच लालला लावला की लाल तलवारीचा खलनायक पहिल्याच प्रवेशात विझतो. लालला ३ ओहम लावा, किमान २ वॅटचा. निळ्याला एक ते दीड ओहम पुरतो. आणि हा रेझिस्टर दिव्याबरोबरच बाहेर निघेल असा ठेवा, मुठीतून नुसतं प्लस-मायनस एका जाड पिनच्या प्लगवर आणा. का, ते पुढं कळेल.

मिरवायच्या पात्यात गणपतीच्या डेकोरेशनवाल्यांकडं मिळते ती पिक्सेल पट्टी, डब्ल्यूएस२८१२बी, मीटरला १४४ दिव्यांची, पाठीला पाठ लावून दोन. मुठीपासून अणीपर्यंत सरसर पेटत जाणारा उजेड यातूनच येतो. पण ही पट्टी माळेसारखी चालते: प्रत्येक दिवा पुढच्याला निरोप देतो. एक मेला की त्याच्या पुढची सगळी रांग गप्प. म्हणून हिला मार खाऊ घालू नका. छोटा कंट्रोलर पात्याच्याच बुडाशी बसवा, म्हणजे मुठीतला दिवा काढून त्याच प्लगवर हे पातं जोडता येतं. रेझिस्टर मुठीत कायमचा बसवला असता तर इथं अडला असता. मिरवायच्या नळीला २ मिमी भिंत पुरते. नुसत्या फोटोपुरतं हवं असेल तर प्लास्टिकच्या एलईडी ट्यूबचं पांढरं कव्हरही चालतं. ट्यूबचं टी८ हे माप म्हणजे आठ अष्टमांश इंच, बरोबर एक इंच, आपल्या नळीच्याच मापाचं. फक्त काचेचं नाही ना ते नखानं वाजवून बघा.

आता तुमची बॅटरी. तुमच्या बारा व्होल्टच्या पट्टीला तीन सेल लागले असते आणि मूठ दंडाएवढी झाली असती. एक १८६५० सेल घ्या: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. संरक्षक सर्किटवाला असेल तर तीन-चार मिमी जास्त धरा, नाहीतर आयत्या वेळी टोपण बसत नाही. पिक्सेलचा हिशेब असा: ८० सेंमीच्या दोन पट्ट्या म्हणजे २३० दिवे, पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, एकूण १४ अँपिअरच्या जवळ. एकच रंग लावला तर तिसरा हिस्सा, साडेचार. ३००० एमएएचचा सेल एका रंगावर अर्धा तास आरामात काढतो. पांढरा रंग टाळा आणि ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो जागेवरच ठेवा. या मापाचा चांगल्यातला चांगला सेलही ३५०० च्या आसपास असतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तर नकोतच, हातात धरायची वस्तू आहे. सेलला थेट सोल्डर मारू नका, होल्डर वापरा आणि चार्जिंगला काढून घ्या.

होल्डरचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक वाराला तलवार लुकलुकते अशी तक्रार बऱ्याच जणांची असते आणि ते बिचारे एलईडी बदलत बसतात. दोष होल्डरच्या स्प्रिंगचा असतो. दणक्यानं सेल मागं सरकतो, क्षणभर कनेक्शन सुटतं. सेलच्या मागं रबराचा जाड तुकडा दाबून बसवा, दोष गेला.

वजन. १ इंची नळी ८० सेंमीची, २ मिमी भिंतीची, साधारण १४० ग्रॅम भरते. ३ मिमीची २०० ग्रॅम. साठ ग्रॅम ऐकायला किरकोळ, पण ते मनगटापासून लांब असतात. माझी पहिली ३ मिमीची तलवार मी तालमीतल्या लाठीकाठीच्या वस्तादांना दाखवली. त्यांनी ती दोनदा फिरवली, दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, ‘ही मेलेलीय. हाताच्या पुढं पळती.’ मग त्यांनी तर्जनीवर आडवी तोलून दाखवली. तोल मुठीच्या वीतभर पुढं जात होता. सेल मुठीच्या अगदी बुडाला नेला, खाली भरीव टोपण दिलं, तोल हाताच्या चार बोटं पुढं आला. पुन्हा दाखवली तर या वेळी ती परत मिळायला पाऊण तास लागला. स्टेजवर ठरवून केलेल्या लढाईला २ मिमीचं पातंही चालेल. ३ मिमी रोज सराव करणाऱ्यांसाठी. स्विच मूठ धरल्यावर अंगठा जिथं टेकतो तिथं नको, थोडा वर आणि पृष्ठभागाच्या आत दबलेला. नाहीतर ऐन झटापटीत नायक स्वतःच स्वतःची तलवार विझवतो. हे नुसतं उदाहरण नाही, झालेलं आहे.

आवाजाचं सर्किट पहिल्या तलवारीत घालू नका. गॅदरिंगच्या स्पीकरपुढं कुणाला ऐकू येणार?

लढताना फेन्सिंगचा (तलवारबाजीच्या खेळातला) मुखवटा मिळाला तर उत्तम, हातात बॅटिंगचे ग्लोव्हज. भोसकणं बंद. फ्रान्सच्या फेन्सिंग महासंघानं २०१९ मध्ये लाइटसेबरच्या लढतीला खेळ म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्यांनी असाच नियम केला: वार करण्याआधी पात्याचं टोक अंगाच्या मागं गेलं पाहिजे. त्यामुळं सरळ टोचणं आपोआप बंद होतं आणि वार मोठे, बघण्यासारखे होतात. स्टेजसाठी हा नियम तसाच उचला. मागच्या रांगेतल्यालाही कळतं कोण कुणाला मारतंय.

नेण्याचं सोपं आहे. पातं ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपमध्ये, दोन्ही टोकांना कॅप, आत जुन्या बनियनचा बोळा. मूठ सॅकमध्ये. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थखाली अशा तीन पाइप मी नेल्यात. सेल मुठीत ठेवून प्रवास करू नका, स्विच दाबला जाऊन सॅकमध्ये तापते. विमानानं कधी गेलात तर सुटे सेल केबिन बॅगेतच ठेवावे लागतात. आणि विसर्जनाच्या बंदोबस्तात तलवार जोडून गाडीवर मिरवू नका. मला चौकात उतरवून घेतलं होतं. साहेबांनी पेटवून बघितली, हसले आणि सोडलं, पण मिरवणूक चुकली ती चुकलीच.

राहिलं लेथवाल्याचं. त्याला नुसतं ‘एक इंची नळी बसली पाहिजे’ असं सांगू नका. बाजारातली एक इंची नळी कधी २५.२ मिमी भरते, कधी २५.५. आधी नळी विकत घ्या, ती हातात धरूनच त्याच्याकडं जा, आणि बोअर झाला की तिथंच बसवून, हलवून बघा. हलली तर दुसरा पीस मारून घ्या. साताऱ्यात कुणी एक-दोन पीससाठी मशीन लावत नसेल तर खोबणीचं चित्र मला पाठवा, शनिवारी आमचं मशीन मोकळं असतं.