‘संघ विका!’ असं ओरडल्यावर कोणी संघ विकतं का?

या वेळच्या पत्रांत बेसबॉल कमी आणि राग जास्त आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत जुलैअखेरच्या ट्रेडवरून (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवरून) अबोले धरले जातात, हे वाचून मला खरं तर मजा वाटली. उत्तरांआधी दोन गोष्टी सांगून ठेवते. मी निवृत्त हिशेबतपासनीस आहे, त्यामुळे पैशांचा विषय निघणारच. आणि माझा संघ कोणता ते विचारू नका. सांगितलं तर निम्मी पत्रं बंद होतील आणि उरलेल्या निम्म्यांत माझं सांत्वन असेल.

प्रश्न : ताई, आम्ही पिट्सबर्गला राहतो. पायरेट्सच्या सामन्याला गेलो की ‘सेल द टीम’चा घोष ठरलेला. आमचे हे म्हणतात, ओरडून घसा बसेल, दुसरं काही होणार नाही, कारण मालकाला जिंकायचंच नाही. पण असा कसा कोणी मालक असेल?

जिंकायला कोणाला नको असतं हो! विचारायचं ते हे, की हरल्यावर मालकाचं नुकसान किती होतं. या खेळात ते फार होत नाही.

मेजर लीगचे तीस संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामायिक गंगाजळीत टाकतात आणि तिचे तीस सारखे वाटे होतात. देशभरच्या प्रक्षेपणाचे पैसेही सारखेच वाटले जातात. म्हणजे ज्याचं उत्पन्न कमी, तो टाकतो त्यापेक्षा जास्त उचलतो. लहान शहरातला संघ जगावा म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. पण खेळाडूंवर निदान इतका खर्च केलाच पाहिजे, अशी किमान मर्यादा मात्र बेसबॉलमध्ये नाही. वरच्या बाजूला संघाच्या एकूण वेतनावर कर आहे (२०२५मध्ये २४ कोटी १० लाख डॉलरच्या पुढे), खालच्या बाजूला काही नाही. एकत्र कुटुंबात एखादा भाऊ घरखर्चाला थोडं देतो, पंगतीला पूर्ण बसतो आणि उरलेलं बँकेत टाकतो, तशी वाट यात मोकळी राहते. वाटून मिळालेला पैसा संघ सुधारण्यासाठीच वापरायचा असा नियम आहे. २०१८मध्ये खेळाडूंच्या संघटनेने त्याच मुद्द्यावर चार संघांविरुद्ध तक्रार केली होती, आणि त्या चारांत तुमचे पायरेट्स होते.

तुमच्या मालकांचे हिशेब मी पाहिलेले नाहीत. कोणालाच पाहता येत नाहीत, कारण बहुतेक संघ खासगी मालकीचे आहेत. अटलांटा ब्रेव्हजची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिचे ताळेबंद वाचायला मिळतात. मी ते आवडीने वाचते. ज्याची त्याची करमणूक!

पण ताळेबंद हाती नसला तरी धावफलक असतोच. १९९२च्या हंगामानंतर बॅरी बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. आता पॉल स्कीन्ससारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हाताशी आहे. २०२५मध्ये त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.९७ होती, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याचा स्वतःचा हिशेब? दहा विजय, दहा पराभव. असा पिचर असताना बरोबरीत सुटणं म्हणजे बॅटिंगवर किती खर्च झाला याचं प्रमाणपत्रच.

आता ओरडण्याबद्दल. २०२५च्या एप्रिलमध्ये तुमच्याच मैदानात उजव्या भिंतीवरचं पायरेट्सच्या थोर खेळाडूचं, रॉबर्टो क्लेमेंटेचं, २१ क्रमांकाचं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती. क्लेमेंटे १९७२च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. पिट्सबर्गमध्ये तो आकडा म्हणजे देव्हाराच. लोक खवळले आणि २१ परत आला. तेव्हा ओरडण्याचा उपयोग होतो. मात्र तो स्वस्त गोष्टींपुरता होतो. भिंतीवरचा एक चौकोन परत देणं परवडतं.

महागड्या गोष्टींचं काय होतं ते ओकलंडवाल्यांना विचारा. १३ जून २०२३ला अॅथलेटिक्सच्या चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. मैदान ओस टाकण्याऐवजी भरायचं आणि दाखवून द्यायचं, की आम्ही आहोत, तुम्हीच नाही आहात. २७,७५९ लोक आले, हजारोंच्या अंगात ‘सेल’ लिहिलेले हिरवे टीशर्ट. संघ त्या वर्षी ११२ सामने हरला, पण त्या रात्री टँपा बेला २-१ हरवून त्याने सलग सातवा विजय मिळवला. आणि दोनच दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरने लास व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशाच्या कायद्यावर सही केली. नोव्हेंबरमध्ये बाकीच्या मालकांनी स्थलांतर एकमताने मंजूर केलं. २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडचा शेवटचा सामना झाला, तेव्हा ४६,८८९ लोक होते. संघ सध्या वेस्ट सॅक्रमेंटोत मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्पर्धेच्या, मैदानावर खेळतो.

तर तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. घोषणेने संघ विकला जात नाही. पण निदान आपण कोणावर ओरडतो आहोत हे तुम्हा लोकांना बरोबर कळलंय. बाकीची पत्रं बघा, बहुतेकांचा राग बिचाऱ्या मॅनेजरवर.

प्रश्न : पिचर उत्तम टाकत असताना त्याला मॅनेजर काढतो कशाला? काँप्युटर सांगतो म्हणून? डोळे नाहीत का त्याला?

आहेत, पण डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याचं काय झालं तेही आठवा. २००३च्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. बॉस्टन आठव्या इनिंगमध्ये यँकीजविरुद्ध ५-२ पुढे. त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला सगळ्यांना दिसत होता. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्यापर्यंत चालत गेला, बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. यँकीजने बरोबरी केली, अकराव्या इनिंगमध्ये त्यांच्या एरन बूनने होमरन मारून सामना जिंकला आणि लिटलची नोकरी गेली.

२०२०ची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका), सहावा सामना. टँपा बे डॉजर्सविरुद्ध १-० पुढे. त्यांचा पिचर ब्लेक स्नेल याने ७३ चेंडूंत दोनच हिट दिलेत, नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलंय. डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यापुढे सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. तरी मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला सहाव्या इनिंगमध्ये काढलं, कारण तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला ओळखू लागतो असं आकडे सांगतात. नव्या पिचरला डॉजर्सच्या मुकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसचा फटका) मारला, सामना ३-१ गेला आणि वर्ल्ड सिरीजही गेली.

मला विचाराल तर कॅशचा निर्णय जास्त खटकतो. आकडे अनेक स्नेलांची सरासरी सांगतात. त्या रात्रीचा स्नेल त्यांना ठाऊक नव्हता. पण एक लक्षात घ्या, दोन्ही मॅनेजरांनी चुका केल्या त्या जिंकण्याच्या प्रयत्नात. त्यावर चिडा, जेवताना वाद घाला, पण ती चीड वेगळ्या खात्यात टाका.

प्रश्न : माझ्या मुलीचा लाडका खेळाडू मायनर लीगमध्ये धावांचा पाऊस पाडतोय. वर आमच्या संघात त्याच्या जागेवर खेळणाऱ्याला बॅट धरता येत नाही. तरी त्याला बोलवत नाहीत. ‘अजून फील्डिंग सुधारायचीय’ म्हणतात. ती विचारते, हे लोक वेडे आहेत का?

नाही बाळा, फार शहाणे आहेत. तिला बेरीज येत असेल तर पुढचं तिला वाचून दाखवा.

हंगाम साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस खेळाडू वरच्या यादीत राहिला की त्याचं एक वर्ष भरलं. अशी सहा वर्षं भरली की तो मोकळा, कुठल्याही संघाशी करार करू शकतो. मग संघ काय करतो? सुरुवातीचे दोनेक आठवडे त्याला खाली ठेवतो. वर्ष भरत नाही आणि सहाच्या जागी जवळपास सात वर्षं तो ताब्यात राहतो.

क्रिस ब्रायंटचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०१५च्या सरावसामन्यांत त्याने नऊ होमरन मारले, तरी शिकागो कब्सने त्याला खाली पाठवलं. कारण दिलं, फील्डिंग. १७ एप्रिलला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक कमी! त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. त्याने दाद मागितली, २०२०मध्ये ती फेटाळली गेली. पुढे २०२१च्या जुलैत कब्सने त्याला ट्रेडही करून टाकलं.

२०२२च्या मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारात यावर थोडा उतारा आला. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष धरलं जातं. वर उल्लेखलेला स्कीन्स २०२४मध्ये ११ मेला पहिल्यांदा खेळला, पुरस्कार जिंकला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. बाकीच्यांची फील्डिंग मात्र एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात अजूनही चमत्कारासारखी सुधारते.

याला मी चूक म्हणत नाही. हा नियमात बसवलेला हिशेब आहे. माझ्या धंद्यात असे पुष्कळ पाहिले, सह्याही चोख असतात. पण महिना तिकिटं काढून बसलेल्या मुलीला कमजोर संघ दाखवायचा आणि वर ‘तो तयार नाही’ म्हणायचं, यावर तिने रागवायलाच हवं.

प्रश्न : दर १ जुलैला मेट्सवाल्यांना सगळे हसतात ते का?

बॉबी बोनिया या खेळाडूमुळे. २०००मध्ये त्याला सोडताना मेट्स ५९ लाख डॉलर देणं लागत होते. तेव्हा न देता, आठ टक्के व्याज धरून, २०११ ते २०३५ दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर द्यायचं ठरलं. तो २००१नंतर खेळलेला नाही. मालकांना वाटलं, आपला पैसा बाहेर याहून जास्त कमावतोय. त्यातला बराचसा बर्नी मेडॉफकडे होता, ज्याचा गुंतवणुकीचा महाघोटाळा पुढे उघडकीला आला! हसा, पण आठ टक्क्यांनी पैसे उभे करणं तेव्हा इतकं वेडेपणाचं नव्हतं. मेडॉफ मात्र होता.

प्रश्न : माझ्याकडे बेट्सचा ५० क्रमांकाचा बॉस्टन रेड सॉक्सचा शर्ट आहे. २०२०पासून कपाटात पडून आहे. घालावा की देऊन टाकावा? बायको म्हणते, सहा वर्षं सुतक पुरे झालं.

वहिनींचं बरोबर आहे. शर्ट घाला.

बॉस्टनने २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं वेतनकराची मर्यादा ओलांडली होती. तिसऱ्या वर्षी जादा रकमेवर दर ५० टक्के झाला असता. बेट्सच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. म्हणून फेब्रुवारी २०२०मध्ये त्याला डेव्हिड प्राइससह डॉजर्सकडे धाडलं आणि बदल्यात तिघे आले : वर्डुगो, डाउन्स आणि वाँग. डाउन्स बॉस्टनसाठी १४ सामने खेळला. वर्डुगोला पुढे चक्क यँकीजना देऊन टाकलं. तिकडे बेट्सने त्याच जुलैत १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला, आणि २०२०, २०२४, २०२५ असे तीन किताब डॉजर्सबरोबर जिंकले.

कर वाचवणं वाईट नाही, मी जन्मभर लोकांचा वाचवला. पण रेड सॉक्स म्हणजे काही पायरेट्स नव्हेत. तिकिटं महाग आणि मैदान भरलेलं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने खेळाडू विकला तर वाईट वाटतं. ज्याच्याकडे आहे त्याने विकला तर फसवल्यासारखं वाटतं. तुमची सहा वर्षं मला समजतात.

प्रश्न : सगळ्यांवर वेतनाची कमाल मर्यादा लादली की पैसेवाल्या डॉजर्सची मस्ती उतरेल आणि प्रश्न सुटेल ना?

डॉजर्सची उतरेल कदाचित. तुमचा संघ सुधारेल याची खात्री काय? मर्यादा वरून घातली तर मोठ्यांचा खर्च कमी होतो. लहानांचा वाढत नाही. १९९४मध्ये मालकांनी अशीच मर्यादा मागितली, १२ ऑगस्टपासून खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. तेव्हा सगळ्यांत पुढे कोण होतं? माँट्रिऑल एक्स्पोज, ७४ विजय आणि ४० पराभव, कमी पैशात उभारलेला सुरेख संघ. पुढच्या हंगामाआधी त्यातले मोठे खेळाडू विकले गेले आणि २००५मध्ये संघच वॉशिंग्टनला गेला.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतो आणि हाच वाद पुन्हा निघणार. कोणी सह्यांचं पत्र फिरवत असेल तर सही करण्याआधी वाचा. कमाल मर्यादेच्या शेजारी किमान मर्यादा आणि संघांचे हिशेब उघडे करण्याची मागणी नसेल, तर सही करू नका.