हेर बाई, तिचं प्रेम आणि शेवटचा निर्णय

गेल्या अंकात हेरपटांमधल्या नायिकांविषयी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही या वेळी घेते. एक सूचना आधीच करते: उत्तरांमध्ये काही सिनेमांचे शेवट उघड झाले आहेत. त्याशिवाय या प्रश्नांवर नीट बोलताच येत नाही.

प्रश्न: मला हेरगिरीचे, मारधाडीचे सिनेमे मनापासून आवडतात. पण नायिका हेर असली की मध्यंतरापर्यंत ती दहा जणांना लोळवते, मग प्रेमात पडते आणि शेवटी खुर्चीला बांधलेली सापडते. सोडवायला हिरो येतो. असं होत नाही असे सिनेमे सुचवाल का? प्रेम अजिबात नसलेलेच सुचवा.
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर: ताई, त्या खुर्चीचा मलाही तुमच्याइतकाच संताप येतो. पण ‘प्रेम अजिबात नको’ ही अट थोडी सैल करा, नाहीतर या प्रकारातले फार चांगले सिनेमे हातचे जातील. मी एवढंच बघते, की शेवटी निर्णय कोणाचा? तिचं कोणावर प्रेम असेना का. पण ऐन घटकेला पटकथा तिच्या हातातलं काम काढून दुसऱ्याच्या हातात देते का? दिलं, तर आधी तिने किती जणांना लोळवलं याला माझ्या लेखी काही अर्थ उरत नाही.

मेघना गुलजार यांचा ‘राझी’ (२०१८) घ्या. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवरचा. काळ १९७१ चा. सेहमत ही दिल्लीत शिकणारी काश्मिरी मुलगी. वडील हेरगिरीत मुरलेले, आणि आता आजाराने त्यांचे दिवस भरत आलेले. ते तिचं लग्न पाकिस्तानातल्या ब्रिगेडियरच्या मुलाशी ठरवतात. आपल्याकडे लग्न लागलं की सिनेमा संपतो. इथे लग्न ही तिची नेमणूक आहे. आणि नवरा इक्बाल (विकी कौशल) अगदी भला माणूस. तिला वेळ देणारा, तिच्या मनाविरुद्ध काही न करणारा. तो खलनायक असता तर सेहमतचं काम किती सोपं झालं असतं! तो चांगला आहे म्हणूनच सिनेमा जीव कासावीस करतो.

मी तो नाशिकला थेटरात पाहिला. मध्यंतरात मागच्या रांगेत दोघी बायकांची जुंपली होती. एक म्हणत होती, “इतका चांगला नवरा आहे, सांगून टाकावं ना त्याला.” दुसरी म्हणाली, “सांगून? तो काय स्वतःच्या बापाला धरून देणार आहे होय?” अख्ख्या सिनेमाचा पेच त्या दोघींनी चहाचे कप हातात धरून मांडला होता.

घरचा जुना नोकर अब्दुल याला सेहमतचा संशय येतो, तो बोभाटा करायला धावत सुटतो आणि ती त्याला जीपखाली चिरडते. आलिया भट तो प्रसंग करते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शौर्य नावालाही नाही. निव्वळ भीती आहे, आणि भीतीतच ती काम पुरं करते. पुढे छत्रीच्या टोकातून विष टोचून ती दिराला संपवते. त्या दिराची बायको मुनिरा म्हणजे आपली अमृता खानविलकर. जिने नव्या नवरीला माया लावली, तिलाच विधवा करायचं आणि त्याच घरात तिच्यासमोर वावरायचं! हेरगिरीची ही किंमत एखाद्या मोठ्या स्फोटापेक्षा मला जास्त हादरवते.

माझी तक्रार एकाच जागी आहे. इक्बालला सगळं कळतं, दोघं समोरासमोर येतात, आणि इतक्यात भारताच्याच बाजूने हातगोळा फेकला जातो. इक्बाल मरतो. सेहमतने त्याच्यावर गोळी झाडली असती का? हा सगळ्यांत अवघड प्रश्न सिनेमाने तिच्यापासून हिरावून घेतला. तिने निर्णय घ्यायला हवा होता, मग तो कोणताही असो. पण त्यानंतर ती वरिष्ठ अधिकाऱ्याला तोंडावर जाब विचारते, तुमच्या या खेळात नात्यांना किंमत नाही आणि जिवालाही नाही असं सुनावते, आणि पोटातलं मूल ठेवायचं ठरवते. इथे निर्णय पुन्हा तिच्याकडे येतो. म्हणून ‘राझी’ माझ्या यादीत पहिला.

अगदीच प्रेमाशिवाय हवं असेल तर ‘झीरो डार्क थर्टी’ (२०१२) बघा. कॅथरीन बिगेलो यांचा. माया नावाची सीआयएची अधिकारी वर्षानुवर्षं बिन लादेनचा माग काढते. तिला प्रियकर नाही, आणि नसल्याचं कोणाला दुःखही नाही. त्यातल्या छळाच्या प्रसंगांवर खूप टीका झाली, ती रास्त आहे. ते मन घट्ट करून बघावे लागतात. शेवटी मोठ्या लष्करी विमानात ती एकटीच बसते, कुठे जायचं असं विचारल्यावर तिच्याकडे उत्तर नसतं, आणि ती रडते. काम फत्ते झालेल्या पुरुष हेराला असं रिकामं झालेलं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजात शिकते. ‘स्ट्राँग’ नायिका म्हणजे पुरुषासाठी लिहिलेली भूमिका बाईला देणं, एवढंच असतं का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर: कधी कधी अक्षरशः तसंच असतं. ‘सॉल्ट’ (२०१०) हा सिनेमा आधी पुरुष नायकासाठी लिहिला होता. पुढे अँजेलिना जोली आली आणि एडविनची एव्हलिन झाली. पण बदल नावापुरता राहिला नाही. मूळ पटकथेत नायक आपल्या बायकोला वाचवतो. नायिका आल्यावर, बाईने नवऱ्याला वाचवलं तर तो दुबळा दिसेल, म्हणून ते नातंच बदललं. आता नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत मारतात, आणि ती चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नाही, कारण हलली तर समोरच्या रशियन हेरांपुढे तिचं सोंग उघडं पडेल. प्रसंग जबरदस्त झालाय. तरी बायको वाचते आणि नवरा मरतो, हा हिशेब तू ध्यानात ठेव. पटकथा लिहिणारे कशाला बिचकतात ते त्यातून कळतं.

बाईसाठीच लिहिलेली हेर बघायची तर ल्युक बेसाँचा फ्रेंच ‘निकिता’ (१९९०) बघ. खून केलेल्या एका नशेबाज मुलीला सरकार मेल्याचं जाहीर करतं आणि मारेकरी म्हणून घडवतं. पुढे तिला मार्को नावाचा साधासा प्रियकर मिळतो. त्यातला व्हेनिसचा प्रसंग मी विसरू शकत नाही. दोघं हॉटेलात सुट्टीवर आलेली. फोन येतो, कामाचा हुकूम येतो. ती न्हाणीघरात जाऊन कडी लावते, बंदुकीचे भाग जोडते, खिडकीतून नेम धरते. आणि दाराबाहेर मार्को बोलत असतो: तुझं माझ्यावर प्रेम आहे ना, तू मला कधीच काही का सांगत नाहीस? तिला उत्तर द्यायचंय, पण कानातल्या यंत्रातून सूचना येतायत. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि डोळा दुर्बिणीला लावलेला. प्रेम आणि नोकरी यांच्यामध्ये एक लाकडी दार आहे, बस्स. तिचा हात थरथरतो, पण काम होतं.

शेवटी निकिता दोघांनाही सोडून जाते, मार्कोलाही आणि तिला घडवणाऱ्या बॉबलाही. दोघं पुरुष समोरासमोर बसून तिच्याबद्दल बोलतात आणि ती तिथे नसते. प्रेमकथेत बाई ज्याच्या वाट्याला येते तो जिंकतो. इथे ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

‘हेवायर’ वेगळ्या कारणासाठी बघ. स्टीव्हन सोडरबर्गने जीना कारानो या खऱ्याखुऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूला नायिका केलं. डब्लिनच्या हॉटेलात ती आणि मायकल फासबेंडर नवरा-बायको असल्याचं नाटक करत, उंची कपड्यांत खोलीकडे येतात. इतर सिनेमांत पुढे काय होतं ते तुला ठाऊक आहे. इथे खोलीत शिरताच तो तिला पहिला ठोसा मारतो. मग पार्श्वसंगीत नाही, काही नाही. धाप, काच फुटल्याचे आवाज, भिंतीवर आदळलेलं अंग. आणि ज्याने तिचा घात केला तो तिचा वरिष्ठ, तिचा पूर्वीचा प्रियकर. त्याचा हिशेब ती समुद्रकिनाऱ्यावर चुकता करते. तो कसा, ते सांगत नाही.

‘अटॉमिक ब्लाँड’बद्दल (२०१७) माझं मन दुभंगलेलं आहे. जिन्यातली ती प्रसिद्ध मारामारी, जी एकाच सलग चित्रणासारखी दिसते, तिच्यासाठी सिनेमा दहादा बघावा. शार्लीज थेरॉन दमते. मार खाऊन तिला उभं राहता येत नाही, समोरचाही धडपडतो. ताकदीचा माणूस दमलेला दाखवणं हा मला फार मोठा प्रामाणिकपणा वाटतो. १९८९ च्या नोव्हेंबरमधलं बर्लिन, भिंत पडायच्या बेतात. तिचं प्रेमप्रकरण डेल्फीन या फ्रेंच हेर मुलीशी, म्हणजे नेहमीची चौकट मोडली. पण पुढे त्या डेल्फीनचा गळा आवळला जातो. नायकाला पेटवण्यासाठी त्याच्या प्रेयसीला मारायचं, ही हेरपटांची जुनीच खोड. नायिका आल्यावरही ती सुटली नाही. मला डेल्फीन जिवंत हवी होती.

प्रश्न: खऱ्या हेर स्त्रिया अशा असतात का? की सगळं सिनेमावाल्यांचं?
— एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: सर, दुसऱ्या महायुद्धातली दोन उदाहरणं सांगते. व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन बाई. शिकारीच्या अपघातात एक पाय गेला होता, लाकडी पाय वापरायची, त्याला तिने ‘कथबर्ट’ असं नाव ठेवलं होतं. ब्रिटिशांच्या ‘एसओई’ या गुप्त संघटनेसाठी तिने फ्रान्समध्ये काम केलं आणि १९४२ च्या हिवाळ्यात त्या पायानिशी पिरिनीज पर्वत ओलांडून ती स्पेनमध्ये निसटली. १९४४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातर्फे परत फ्रान्समध्ये गेली ती म्हातारी शेतकरीण बनून. शेळ्या हाकायची, चालताना पाय ओढायची. तिच्याकडे कोणी वळून बघू नये हीच तिची ढाल होती. सिनेमातल्या हेर बाईकडे मात्र सगळ्यांनी बघायलाच हवं असतं. लाल झगा, उघडी पाठ, जुगाराचा अड्डा. वेषांतराचा खरा अर्थ व्हर्जिनियाला कळला होता, दिग्दर्शकांना अजून पुरता कळलेला नाही.

दुसरी नूर इनायत खान. टिपू सुलतानच्या वंशातली, मॉस्कोत जन्मलेली, पॅरिसमध्ये वाढलेली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. जून १९४३ मध्ये ती त्याच ‘एसओई’तर्फे ‘मादलेन’ या टोपणनावाने बिनतारी संदेश पाठवण्यासाठी फ्रान्समध्ये उतरली. थोड्याच दिवसांत तिच्या साखळीतली माणसं पकडली जाऊ लागली. परत येण्याची संधी असताना ती नाही म्हणाली, कारण पॅरिसहून लंडनशी बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. यंत्र घेऊन घरं बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे सापडली. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मिळाला. मी वर ‘निर्णय कोणाचा’ असं विचारत होते ना, तो निर्णय हा असा असतो. तिथेच थांबण्याचा.

प्रश्न: तरुणपणी वाचनालयातून मॉडेस्टी ब्लेझ या हेर नायिकेची पुस्तकं आणून अधाशासारखी वाचायचो. तशी नायिका नंतर दिसली नाही. तुमचं मत?
— एक ज्येष्ठ वाचक, मडगाव

उत्तर: माझंही तेच मत आहे, काका. पीटर ओडॉनेलने १९६३ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीत तिला आणलं आणि २००१ पर्यंत ती चालू ठेवली. महायुद्धाच्या काळात इराणमध्ये सैनिक असताना त्याला एकटी, निर्वासित, तरी ताठ मानेने चालणारी एक लहान मुलगी भेटली होती. तिच्यावरून मॉडेस्टी सुचली, असं त्याने सांगितलंय. तिचा जोडीदार विली गार्विन तिला ‘प्रिन्सेस’ म्हणतो, तिच्यासाठी जीव टाकतो, आणि त्या दोघांत शरीरसंबंध कधीच येत नाही. दोघांना आपापली प्रेमप्रकरणं आहेत, त्याबद्दल कोणी रुसत नाही. एक पुरुष आणि एक बाई केवळ विश्वासावर एवढी वर्षं उभी राहतात, हे साठच्या दशकात लिहिलं गेलं! १९६६ च्या सिनेमाने नेमकी तीच गोष्ट बिघडवली आणि त्या दोघांना प्रेमाच्या वाटेला लावलं. तुम्ही तो बघितला नसेल तर राहू द्या, पुस्तकंच पुन्हा काढा.

प्रश्न: आईबरोबर बसून बघता येईल असा एखादा?
— एक वाचक, लातूर

उत्तर: ‘राझी’ निश्चिंतपणे बघा. सुजॉय घोषचा ‘कहानी’ही (२०१२). तो सरळ हेरपट नाही, पण गुप्तचर खातं त्यात आहे, आणि एका तरुण पोलिसाचा नायिकेवर हळूहळू जीव जडतो त्याचं पुढे काय होतं ते आईला आवडेल. विशाल भारद्वाजचा ‘खुफिया’ (२०२३) आईच्या आवडीनिवडी बघून ठरवा. त्यात तब्बूची अधिकारी घटस्फोटित आहे, तिला मुलगा आहे आणि तिचं प्रेम एका स्त्रीवर आहे. ‘अटॉमिक ब्लाँड’ आणि ‘निकिता’ तुम्ही एकटे बघा.